बाजाराला एक पत्रा

गारपिटीनं आमच्या गल्लीतले सिमेंटचे पत्रे फुटले. आम्ही शहाणी माणसं छतावर ताडपत्री बांधून पंचनाम्याची वाट बघत बसलो. समोरची बाई मात्र दुसऱ्याच दिवशी शिडीवर चढली. दरसाल नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणारी ही बाई बोलताना कधी तोंडाकडं बघत नाही, हातातल्या कामाकडं बघते. आता दर आठवडी बाजारातून ती लोखंडी पत्रा आणते, एकच. दुकानात बोटानं ठोकून म्हणते, "ह्यो लई पातळ हाय, दुसरा दावा."

परवा टोळीचा मुकादम आला. सगळे पत्रे एकदम येतील एवढी उचल त्यानं हातातच आणली होती. उचल घेतली की दिवाळीनंतर कारखान्यावर जावंच लागतं आणि लेकीची शाळा मोडते, हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही.

"घ्या की वहिनी. पाऊस तोंडावर आलाय, अर्धं घर उघडं हाय."

"असू द्या. औंदा लेक धाव्वीला हाय," ती पत्र्याकडंच बघत म्हणाली. "आलाव तर शिडी धरा."

मुकादमानं नोटा परत खिशात घातल्या. शिडीला दोन्ही हात लागत होते.