फुटलेला साक्षीदार
नव्या छापील पत्रकांच्या शाईचा वास आला की मला शेवगावचा आठवडे बाजार आठवतो. कॉलेजात असताना मी चर्चचे पाळक असलेल्या वडिलांसोबत तिथं भर उन्हात पत्रकं वाटत होतो. ‘जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला देवानं ख्रिस्ताला नेमलंय,’ असं ते मोठ्यानं सांगू लागले, तेव्हा मी त्यांच्या कानाशी पुटपुटलो, ‘पप्पा, न्यायाचं राहू द्या, लोक चिडतात.’ ‘मग तूच बोल, वकीलसाहेब,’ ते थट्टेनं म्हणाले. समोर मेथीच्या जुड्या घेऊन एक म्हातारी बसली होती. तिचा मुलगा ऊसतोडीवर मारहाणीत मेला होता आणि मारणारे कोर्टातून सुटले होते, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. तिनं विचारलं, ‘दादा, त्या कोर्टात साक्षीदार फुटत न्हाईत ना?’ वडील तिच्यासमोर उकिडवे बसले. ‘न्हाई, आई. तिथं न्यायाधीशानं सोता समदं बघितलेलं असतं. त्यालाबी खोट्या साक्षी देऊनच मारलं हुतं. देवानं त्याला उठवलं आन् न्यायाला त्यालाच बसवलं.’ म्हातारीनं हातातली जुडी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि ती उभी राहिली, न्यायाधीश आत येताना कोर्टातले लोक उभे राहतात तशी. बाजाराचा गलका चालूच होता, पण खरोखरच कुणीतरी आत आल्यासारखं मला वाटलं. आता पत्रकं मी लिहितो, आणि न्यायाचं वाक्य गाळायला कुणी सुचवलं की मी नाही म्हणतो. ते गाळलं, तर फुटलेला साक्षीदार मीच.