बियाची बाजरी

सून धान्याच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालत होती. त्या कडवट वासासरशी मी तिसगावच्या आमच्या घरात जाऊन पोचले.

बहात्तर साल होतं. पेरणीचे दिवस पावसावाचून सरत आले होते आणि आम्ही रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतो. दादा, म्हणजे माझे वडील, नेहमी दाराकडे तोंड करून जेवायचे, डोंगरावरचं आभाळ दिसावं म्हणून. त्या सकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर गडगडाटासह पाऊस सांगितला होता. दादा अंगणात उभे राहून बराच वेळ वर बघत होते. पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ढग खूप उंचावर पसरले होते.

"ह्ये लई उंच हायेत," ते आईला म्हणाले. "पान्याचा ढग डोंगराला टेकतो. पेरायला ठेवलेली बाजरी दळ आता."

"आन् रेडिओ खरा ठरला तर?"

"मग बी मागून आनीन कुनाकडनं तरी."

आईने उतरंडीतलं मडकं उतरवलं, बाजरीतला कडुनिंबाचा पाला वेचून काढला आणि जात्यावर बसली. भाकरी जराशी कडवट लागत होती, पण मिलोनंतर आम्हा पोरांना तो सणच वाटला.

पुढे शिक्षिका झाल्यावर ते ढग मीच मुलांना शिकवले. तंतुमेघ, बर्फाच्या बारीक कणांचे. त्यांचा पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही. दादांचं बरोबर होतं.

त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून जेवले. मला वाटलं, दारातून ऊन येत असेल.