भिजलेला पिवळा झेंडा

माझे भाऊजी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. शिवणकाम करतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवलं त्यांनी आयुष्यात कुणालाच नाही, आणि त्यांना कुणी शिकवायला गेलं तर तेही खपायचं नाही. दुकान म्हणजे रस्त्याकडेचा एक लांबट गाळा. पुढे शटर, मध्ये जाड कापड शिवायचं दणकट मशीन, मागे रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि फोमचे तुकडे, कोपऱ्यात स्टोव्ह. माझी बहीण गेल्यापासून ते घरी फक्त झोपायला जात. घराची चौकशी केली की म्हणत, "आहे जागेवर."

बहीणच नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे जायचं मला तसं कारण उरलं नव्हतं. त्यांना मूलबाळ नाही, मीही एकटीच. मी सलूनमध्ये केस कापते, सोमवारी सुट्टी असते, म्हणून सोमवारी जायची. बोलणं काय, तर "ये धाकटे", "बस धाकटे", "निघालीस का धाकटे". केसांत पांढरे आले तरी मी धाकटीच. मला काय आवडतं, मी कुठे राहते, यातलं त्यांना फारसं काही ठाऊक नव्हतं. राग यायचा मला. पण सोमवार आला की पाय तिकडेच वळायचे.

त्यांना माणसांत धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोनच होत्या. एक शेजारचा गॅरेजवाला.

दोघांच्या गाळ्यांत भिंत एकच. दुपारी हात मोकळे झाले की गॅरेजवाला पान्याने भिंतीवर दोनदा ठोकायचा. ठोकलं की भाऊजी मशीनवरचा पाय काढून स्टोव्ह पेटवत. चहाला उकळी येईपर्यंत हा फडक्याला हात पुसत हजर. दोन्ही खांदे हलवत हसणारा, गोड चहाचा लोभी, सगळ्या रस्त्याची खबर ठेवणारा माणूस. एकदा मी ऐकत बसले होते. एका गिअरबॉक्सवर दोघांचा सगळा चहा संपला, आणि दोघं जेवून उठल्यासारखे तृप्त. मला त्यांनी "बरी आहेस ना" एवढंही विचारलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वळण. शहराबाहेर मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे. त्याच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, एक वळण आहे. तिथून ना सुरुवात दिसते ना शेवट, म्हणून तिथे झेंडा घेऊन उभं राहायला कुणी तयार नसे. भाऊजी वर्षानुवर्षं तिथे उभे. फुकट. पुढे गाडी आडवी झाली, तेल सांडलं, काहीही धोका दिसला की पिवळा झेंडा हलवायचा. तो दिसला की वेग कमी करायचा आणि पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही, हा नियम.

शर्यत संपली की सगळ्या गाड्या एक सावकाश फेरी मारतात. तेव्हा प्रत्येक वळणावरचा झेंडेवाला बाहेर येऊन झेंडे हलवतो, आणि चालवणारे हात वर करून त्याला दाद देतात. त्या एका फेरीपायी भाऊजी दिवसभर उन्हात करपून घेत, असं माझं मत आहे. बहीण गेल्यानंतर एकदाच मी त्यांना खुलून बोलताना ऐकलं, ते याबद्दल. "सगळे हात वर करतात, धाकटे. एकूण एक."

आता झेंड्याचं. शर्यतवाले देत ते झेंडे नायलॉनचे, पातळ, कडा उसवलेल्या. शिवणाऱ्या माणसाच्या हातात उसवलेलं कापड म्हणजे डोक्याला ताप. भाऊजींनी एका वर्षी स्वतःचा झेंडा शिवला. जाड सुती कापड, हळदीसारखा पिवळा रंग, चारी बाजूंनी दुहेरी दुमड, कोपऱ्यांना अस्तर. मला उघडून दाखवला. "ओढून बघ," म्हणाले. मी ओढला. हत्तीने ओढला असता तरी फाटला नसता. नायलॉनचा झेंडा त्यांनी वळणावरच्या पेटीत तळाशी टाकून दिला.

त्या वर्षी शर्यतीच्या रविवारी पाऊस आला तो शर्यत मध्यावर असताना. सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं, मालकिणीने मला लवकर सोडलं. भाऊजी भिजले असतील म्हणून मी दुकानातून त्यांचा कोरडा सदरा घेऊन ट्रॅकवर गेले. पोचले तेव्हा शर्यत थांबवली होती. ट्रॅकवर पाणी साचलं होतं, आणि थांबवताना जो पुढे होता तो पहिला, असा निकाल लागला होता. पहिला होता गॅरेजवाल्याचा मुलगा. गाडी बापलेकांनी गॅरेजमध्येच बांधलेली, सीट भाऊजींनी शिवलेली. पण बक्षीस हातात पडायच्या आतच घोडं अडलं. दुसऱ्या नंबरची गाडी एका टायरवाल्याची होती. त्याने तक्रार केली: टाकीजवळच्या वळणापुढे एक गाडी घसरून आडवी झाली होती, पिवळा झेंडा होता, आणि झेंडा असताना त्या मुलाने आम्हाला ओलांडलं.

म्हणजे सगळं भाऊजींवर आलं.

ते ऑफिसच्या बाहेर बाकावर बसले होते. अंगातून पाणी गळत होतं. हातात झेंडा, काठीभोवती घट्ट गुंडाळलेला, पिळून ठेवलेल्या पंच्यासारखा. मी सदरा पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

"कापड भिजून काठीला गुंडाळलं गं," ते म्हणाले. "मी हलवतोय, हलवतोय, आणि उघडतच नाही. हाताने सोडवायला लागलो, तोवर पोरगा निघून गेला."

"मग नायलॉनचा का नाही काढलात?"

"पेटीत तळाशी होता."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झेंडा उघडा होता म्हणाले, तर मुलाचा पहिला नंबर जाणार आणि गॅरेजवाला जन्मात भिंत ठोकणार नाही. उघडला नव्हता म्हणाले, तर मुलगा वाचेल, पण घरचा झेंडा आणून शर्यतीचा विचका केला म्हणून यांचं वळण जाणार.

"भाऊजी, आठवत नाही म्हणा. पाऊस होता, काही दिसलं नाही म्हणा आणि मोकळे व्हा."

"आठवत नाही कसं म्हणू? माझ्याच हातात होता."

असा हा माणूस. नाकासमोर चालणारा, आणि समोर भिंत आली तरी वळणार नाही.

आत तीन पंच होते. दार उघडंच राहिलं, ओल्या कोटांच्या वासाने खोली कोंदली होती म्हणून असेल. गॅरेजवाला खिडकीपाशी उभा होता आणि बाहेर बघत होता, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. टायरवाला खुर्ची पुढे ओढून बसला होता.

मुख्य पंच म्हातारे होते. त्यांना भाऊजींना वाचवायचं होतं, हे मला दाराबाहेरूनही कळलं.

"मास्तर, इतकी वर्षं तुम्ही तिथे आहात," ते म्हणाले. "तुम्ही झेंडा हलवला होता ना? एवढंच सांगा. हलवला असेल तर तुमच्याकडून काम चोख झालं."

"काठी हलवली, साहेब. झेंडा उघडला नव्हता."

"पण हलवला."

"त्या पोराला दिसला नसणार. मी त्याच्या जागी असतो तर मलाही दिसला नसता." मग त्यांनी तो गुंडाळलेला झेंडा टेबलावर ठेवला. "हा मी घरी शिवलाय. तुमचा पेटीत आहे. चूक माझी."

निकाल कायम राहिला. भाऊजींना पुढच्या शर्यतीपासून येऊ नका असं सांगितलं, तेही हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून. सावकाश फेरी त्या दिवशी झालीच नाही. पाण्यात कोण मारणार?

इथवर असतं तर मी म्हटलं असतं, चला, एक गेलं, एक राहिलं. पण बाहेर व्हरांड्यात टायरवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दोघं रोज एका किटलीतला चहा पितात. हा आणखी काय सांगणार होता?" चारचौघं हसले. गॅरेजवाल्याने ते ऐकलं. तेव्हाच त्याने त्या टायरवाल्याच्या तोंडावर एक शब्द फेकला असता, तर आज मी त्याचं नाव आदराने घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी भिंत ठोकली गेली नाही. काही दिवसांनी तो स्वतः आला, पण आत नाही, शटरपाशीच उभा राहिला. मी तिथे होते.

"मास्तर, थोडे दिवस जाऊ दे," तो म्हणाला. "पोराच्या नावाला बट्टा नको. लोक म्हणतात आपण ठरवून केलं. जरा तोंडं बंद झाली की येतोच मी. तू मनावर घेऊ नको."

"नाही घेत," भाऊजी म्हणाले.

घेतलं होतं. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही, एवढंच. गॅरेजमध्ये ठोकाठोक दिवसभर चालायची. पत्रा ठोकत, नट ठोकत, अडकलेली चाकं ठोकत. प्रत्येक ठोक्याला भाऊजींचा मशीनवरचा पाय थांबायचा. क्षणभर मान वर, मग पुन्हा खाली. मी सोमवारी बसून हे बघायची. एवढा मोठा माणूस, आणि एका पान्याच्या आवाजासाठी कान टवकारून बसलेला. भिंतीपलीकडून त्याचं ते खांदे हलवणारं हसूही ऐकू यायचं. हसण्यासाठी त्याला दुसरी माणसं मिळाली होती.

पुढच्या वर्षीची शर्यत कोरड्या दिवशी झाली. "जाऊन बघू या का," असं भाऊजींनी मला आपणहून विचारलं. मी सुट्टी काढली. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर, टाकीजवळच उभे राहिलो. त्यांच्या जागी एक नवा झेंडेवाला होता, नायलॉनचा झेंडा घेऊन. "बरा हलवतो," भाऊजी म्हणाले. मुलगा पहिला आला, आणि असा पहिला आला की दुसरी गाडी वळणावर दिसायलाही वेळ लागला. कुणाला तक्रारीला जागा नव्हती. भाऊजींचा चेहरा उजळला. मला कळलं ते काय हिशेब करत होते: आता तोंडं बंद.

मग सावकाश फेरी आली. मुलगा वळणावर आला आणि त्याने हात वर केला. नव्या झेंडेवाल्याने झेंडा हलवला. माझ्या शेजारी भाऊजींनीही हात वर केला होता, रिकामा, कुंपणाबाहेर. गाडी निघून गेली तरी तो थोडा वेळ वरच होता. मी दुसरीकडे बघितलं.

सोमवारी मी गेले तेव्हा स्टोव्हवर किटली आधीच चढवलेली होती. मशीन बंद. भाऊजींनी केस विंचरले होते. दुपार झाली. पलीकडे काम चालू होतं. दुपार कलायला लागली.

"विसरला असेल," ते म्हणाले. "काल जिंकले ना. गडबडीत असेल."

"मग तुम्हीच ठोका."

"ठोकायचं त्याने असतं."

"भाऊजी, ठोका म्हणते ना."

त्यांनी कापड कापायची मोठी कात्री उचलली, भिंतीपाशी गेले, आणि मुठीच्या बाजूने दोनदा ठोकलं. इतकं हळू, की मला वाटलं ऐकूच जाणार नाही. पण पलीकडची ठोकाठोक थांबली. एकदम थांबली. कुणीतरी तिथे हत्यार हातात धरून उभं होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. भाऊजी कात्री छातीशी धरून दाराकडे बघत राहिले.

मग पलीकडे काम पुन्हा सुरू झालं.

"कामात आहे तो," भाऊजी म्हणाले. कात्री जागेवर ठेवून त्यांनी चहा गाळला आणि दुसरा कप माझ्यापुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. साखर गॅरेजवाल्याच्या मापाची होती. मी चहा बिनसाखरेचा घेते. मी तो सगळा प्यायले आणि म्हटलं, "चांगला झालाय."