हौसावयनीचा नारळ

आमच्या वाडीत पक्ष बदलणारी माणसं कमी नाहीत. एकजण ठेका मिळावा म्हणून गेला. एकजण मुलाला नोकरीला चिकटवावं म्हणून गेला. एक तर क्रिकेटच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला स्टेजवर बोलावलं नाही म्हणून रुसून गेला आणि पुढच्या वर्षी बोलावलं तेव्हा परत आला. मी वाडीचा शाखाप्रमुख, त्यामुळे गेलेल्यांना नावं ठेवणं आणि आलेल्यांना हार घालणं ही दोन्ही कामं माझ्याकडे. पण साठ पावलांसाठी पक्ष सोडलेलं माणूस मी एकच पाहिलं. ती हौसावयनी.

आमची वाडी आरे-वाऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. भरतीला होड्या पार माडांपर्यंत येतात. ओहोटीला मात्र पाणी मागे सरतं आणि मध्ये साठ पावलांचा चिखल उरतो. होड्या काही भरतीची वेळ बघून परतत नाहीत. मग बायका डोक्यावर माशांची पाटी घेऊन गुडघाभर चिखलातून काठाला येणार. चिखलात कालवांच्या शिंपा असतात, सुरीसारख्या धारेच्या. हौसावयनी ह्या चिखलातून पस्तीस वर्षं चालली. काठावरच्या पिंपातलं पाणी पायावर ओतायची, घाईघाईने चपला अडकवायची आणि एसटी पकडून पालीच्या बाजारात मासे विकायला जायची. मी तेव्हा एसटीत कंडक्टर होतो. गाडी सुटायच्या वेळी ती लांबून हात करायची आणि मी घंटी द्यायचा थांबायचो. ड्रायव्हर शिव्या घालायचा, पण वयनीला सोडून गाडी गेली असं कधी झालं नाही.

तिचा नवरा बाबल्या माझा दोस्त. गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. शिमगा असो, कुणाचं लग्न असो की नवी होडी पाण्यात ढकलायची असो, बाबल्या देवापुढे उभा राहून एकेक वाक्य म्हणायचा आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायची. एकदा व्हय म्हटलं की ते देवापुढे कबूल केल्यासारखं. सात वर्षांपूर्वी बाबल्या गेला. आता शिमग्याला त्याचा पुतण्या मुंबईहून येऊन गाऱ्हाणं घालतो, मोबाइलमध्ये बघून.

बाबल्या आणि हौसा दोघंही आमच्या पक्षाची. सभेला बायका आणायच्या त्या हौसावयनीने. प्रचारात घरोघर फिरायचं तेही तिने. बदल्यात तिने एकच गोष्ट मागितली. काठापासून खोल पाण्यापर्यंत साठ पावलांचा धक्का.

अठरा वर्षांपूर्वी त्या धक्क्याचं भूमिपूजन झालं. आरतीचं ताट हौसावयनीनेच केलं होतं. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, फोटो काढले, कोनशिला बसवली. आठ वर्षांनी दुसरे पुढारी आले, दुसरं भूमिपूजन झालं, दुसरी कोनशिला बसली. ताट पुन्हा तिचंच. धक्का काही आला नाही. कोनशिलेचा उपयोग एवढाच झाला, की चिखलातून वर आलेल्या बायका तिच्या कडेला पाय खरवडायच्या. पुढाऱ्यांची नावं अर्धी पुसली गेली ती तशीच.

मग मथुरा पडली. मथुरा म्हणजे हौसाची धाकटी जाऊ. पाटीसकट चिखलात कोसळली आणि शिंपेने पाऊल फाटलं. जखम चिघळली आणि दोन बोटं कापावी लागली. मथुरा घरी बसली. तिच्यामागून आणखी चौघींनी धंदा सोडला. अकरा बायकांतल्या सहा उरल्या, आणि होडीवाले म्हणायला लागले, आता आम्ही थेट शहराच्या बंदरातच मासे उतरवतो. तसं झालं असतं तर वाडीतल्या बायकांचा धंदा कायमचा संपला असता. हौसावयनीला हे दिसत होतं. मलाही दिसत होतं, पण मी वरून निरोप येण्याची वाट बघत बसलो होतो.

निरोप आला तो गेल्या वर्षी, गणपती नुकतेच झाले होते तेव्हा. निवडणूक जवळ आल्ये, धक्क्याचं भूमिपूजन करायचं आहे, बायका जमवा. मी खुशीत वयनीच्या घरी गेलो. ती दारात सुकटीतला कचरा वेचत बसली होती.

"वयनी, येत्या रविवारी भूमिपूजन. ताटाचं बघा," मी म्हणालो.

तिने हात थांबवला नाही. "भावजी, दोन टायमाला ताट मीच केला. तिसऱ्या टायमाला नाय करनार."

"अहो, ह्या खेपेला खरं होणार आहे."

"मग होऊदे. धक्का झाला की मी ताट करीन, वर लाडू पन करीन."

तिचं ऐकून बाकीच्या बायकाही आल्या नाहीत. भूमिपूजन बारगळलं. वरून मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि दोन महिन्यांत, तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात, बातमी आली की हौसा समोरच्या पक्षात जाते आहे.

मी पेटलो. वाडीच्या ग्रुपवरून तिला काढून टाकलं. "जाणाऱ्यांना शुभेच्छा, निष्ठावंतांना सलाम" असा मेसेज टाकला आणि त्यावर एकवीस अंगठे मोजले. तिच्याकडून कुणी मासे घ्यायचे नाहीत असं शाखेत ठरवलं, तेही मीच. घरी शकूला, म्हणजे माझ्या बायकोला, बजावलं की ह्यापुढे बर्फाच्या टेम्पोवाल्याकडूनच मासे यायचे. शकू "बरं" म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर बायको इतक्या पटकन बरं म्हणते तेव्हा नवऱ्याने सावध व्हायला हवं होतं.

समोरच्या पक्षातही तिच्यासाठी कुणी पायघड्या घातल्या नव्हत्या. पक्षप्रवेशाचा सोहळा ग्रामदेवतेच्या देवळासमोरच्या पटांगणात होता. कोण कोण फुटलं ते बघायला मी गेलो आणि मांडवाच्या मागच्या खांबाआड उभा राहिलो. त्यांच्या महिला आघाडीच्या अध्यक्षा मृणालीताई खुर्च्या लावत होत्या. वयनी पुढच्या रांगेत बसायला गेली तर त्यांनी तिला उठवलं. "काकी, नवीन लोकांनी मागे हां. पुढे जुन्या कार्यकर्त्यांचा मान." वयनी उठून पाचव्या रांगेत जाऊन बसली. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी बरं वाटलं.

प्रवेश करणारी माणसं पंचेचाळीस आणि शेले आणले होते चाळीस. शेवटच्या पाचजणांना आधीच्यांच्या गळ्यातले काढून घालावे लागले. वयनीच्या गळ्यात पडला तो असाच दुसऱ्याच्या घामाचा. त्यांचे साहेब मोठे पुढारी, पण मूळचे ह्याच तालुक्यातले. त्यांनी फोटोपुरता तिचा हात उंचावला आणि कुणीतरी तिच्यासमोर माईक धरला. "काकी, दोन शब्द. साहेबांचे आभार माना, बस."

वयनीने माईककडे बघितलं, मग साहेबांकडे. मग ती सगळ्यांकडे पाठ करून देवळाच्या दाराकडे वळली. पायातल्या चपला काढल्या. पदर सावरून हात जोडले.

"बा गावदेवा, खाडीच्या राखनदारा, तुजी लेकरा आज तुज्या दारात जमली हायत, रे महाराजा."

आवाज तिचा, पण चाल बाबल्याची. तोच हेल, तोच थांबा. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग सवयीने, कोण आधी ते कळलंच नाही, शे-दीडशे माणसं बोलून गेली, "व्हय महाराजा."

"सायबानी मला शेला घातलानी, त्याचा मान राख, रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"माज्या मथुराची बोटा गेली, तशी आनि कुनाची जाव देव नको, रे महाराजा."

"व्हय महाराजा." ह्या वेळी बायकांचा आवाज मोठा होता.

"ह्या काठाला साठ पावलांचा धक्का साहेब बांदून देतील, आनि येत्या नारळी पुनवेचा नारळ आमी त्या धक्क्यावरनंच सोडू, रे महाराजा."

"व्हय महाराजा."

मी साहेबांकडेच बघत होतो. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि सगळ्यांबरोबर त्यांचेही ओठ हलले. लहानपणापासून मुरलेली सवय, पुढारी झाल्यावर जाते थोडीच. म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आपण काय कबूल केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मला हसता येईना, कारण खांबाआडून मीही चांगल्या मोठ्या आवाजात व्हय म्हटलं होतं. पुढच्या खुर्चीवरची दोन माणसं वळून बघायला लागली तेव्हा मी तिथून सटकलो.

तरी पुढाऱ्याचा शब्द तो, देवापुढचा असला म्हणून काय झालं. पौष आला तरी काठावर खडीचा एक दगड पडला नाही. साहेबांचे पीए फोनवर सांगायचे, आचारसंहिता आहे, मग सांगायचे, फाईल वर आहे. आमच्या शाखेत हशा पिकायचा. "आता बसा म्हणावं कोनशिलेवर," असं मी स्वतः बोललो आहे.

वयनी बसली नाही. एका सकाळी पालीची पाटी मथुराच्या सुनेकडे दिली आणि शेंडी न काढलेला एक नारळ घेऊन ती साहेबांच्या शहरातल्या बंगल्यावर गेली. साहेब घरात नव्हते. ती त्यांच्या आईला भेटली. पुढे काय झालं ते तिने शकूला सांगितलं, आणि शकूने मला बऱ्याच दिवसांनी.

आईसाहेब म्हातारी, पण खडखडीत. वयनीने नारळ त्यांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, ह्या धक्क्यासाठी दोन नारळ आदीच फोडून झाले. हा मी फोडनार नाय. साहेबांनी देवापुढं व्हय म्हटलानी हाय. काम झाला की हा खाडीत सोडायचा. तवर तुमच्या देवात ऱ्हाव दे."

म्हातारीने तिच्याकडून सगळं गाऱ्हाणं पुन्हा म्हणवून घेतलं आणि शेवटच्या वाक्याला स्वतःही व्हय म्हणाली. त्या दिवसापासून बंगल्यात सुख राहिलं नाही. साहेब सकाळी देवाला नमस्कार करायला आले की समोर तो नारळ. पीएने एकदा तो उचलून कपाटात ठेवला तर म्हातारीने जेवण टाकलं. मुंबईहून मोठमोठे पाहुणे यायचे, आणि आईसाहेब त्यांना चहाबरोबर नारळाची हकीकत सांगायच्या. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या काठावर खडीचा पहिला डंपर रिकामा झाला.

मग काम असं चाललं की बघत राहावं. ओहोटी धरून माणसं उतरायची, भरती आली की वर यायची. वयनी रोज पालीहून परतताना तिथे थांबायची आणि पावलं टाकून मोजायची. बारा झाली, तीस झाली, सत्तेचाळीस झाली. एकदा ठेकेदाराने चोपन्नावर हात झटकले. तिने त्याला बरोबर नेलं आणि पुढचा सहा पावलांचा चिखल त्याच्या बुटांनी मोजायला लावला. पावसाच्या आधी साठ पुरी झाली.

मृणालीताईंना मोठं उद्घाटन हवं होतं. फीत हवी होती, कोनशिलाही हवी होती. वयनी म्हणाली, दगड दोन हायत, तेवढे पुरे.

नारळी पौर्णिमेला अख्खी वाडी धक्क्यावर उभी होती. सगळ्या पक्षांची. आईसाहेब गाडीतून आल्या, मांडीवर तोच नारळ. मृणालीताईंनी आपली खुर्ची उचलून सगळ्यांत पुढे आणली आणि वयनीला म्हणाल्या, "काकी, तुम्ही इथे बसा." वयनीने त्या खुर्चीवर मथुराला बसवलं. मग नारळ घेऊन टोकापर्यंत चालत गेली. साठ पावलं, कोरडी. तिने नारळ पाण्यात सोडला आणि होड्यांवरच्या माणसांनी आरोळी ठोकली. आमच्या पक्षाचीच माणसं सगळ्यांत जोरात ओरडत होती. मी तर रडलो. रडलो म्हणजे चांगला ढसाढसा रडलो, आणि कुणी बघितलं असेल तर बघू दे.

ताट आणि लाडू अर्थात तिचेच होते.

चार दिवसांनी ती आमच्या दारात आली, डोक्यावर पाटी. माझ्या बंदीला नऊ महिने झाले होते. मी काय बोलावं ह्या विचारात होतो, तेवढ्यात शकू आतून भांडं घेऊन आली. "बांगडं आनलंस? कालच्यासारखंच दे."

"कालच्यासारखं?" मी विचारलं.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. नऊ महिने मी टेम्पोवाल्याचे म्हणून वाहवा करत जे मासे खाल्ले ते मागच्या दाराने आलेले वयनीचे होते. माझ्या शिस्तीची माझ्याच ताटात ही गत.

"वयनी, ग्रुपवर परत घेऊ का?" मी हळूच विचारलं.

"घ्या की. पन पक्षात परत नाय येनार. धक्का झाला, आता त्यांच्याकडनं दिवा घ्यायचा हाय त्याच्यावर."

बाबल्या होता तेव्हापासून ती मासे द्यायला आमच्याकडे येते. शकूने कितीदा वर बोलावलं असेल, पण "पाय बरबटलेत, तुजी पडवी खराब होईल" म्हणून ती नेहमी खाली खळ्यात, अंगणातच उभी राहायची. त्या दिवशी तिने पाटी खळ्यात उतरवली, चपला काढल्या आणि दोन पायऱ्या चढून पडवीत येऊन बसली. पाय लांब केले. शकू चहा ठेवायला आत गेली.

मी त्या पायांकडे बघत राहिलो. दोन्ही तळव्यांवर शिंपांचे वण होते, आडवेतिडवे, जुने पांढरे आणि काही अजून लालसर. इतकी वर्षं मी तिच्यासाठी गाडी थांबवली, तिच्याकडून प्रचार करून घेतला, तिला गद्दार म्हटलं. तिचे पाय मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.