दहा हजार एक अंगठे

फरशी बसवणाऱ्या मावशीची शाळा चौथीतच सुटली, पण भागाकार काही सुटला नाही. कामाला हात लावण्याआधी ती फरश्यांचा आकडा घ्यायची आणि त्याला भागून भागून पार जेरीस आणायची. गवंडी हसायचे. हसोत बापडे!

गावच्या नव्या वाचनालयाची दर्शनी भिंत तिच्याकडे आली. प्रत्येक गावकऱ्याचा अंगठा उमटवलेली इंचभर मातीची फरशी त्या भिंतीवर लावायची होती. फरशी कापायची नाही, कोरी लावायची नाही, चौकट पुरी भरायची. दहा हजार जमल्या. शंभर ओळी, ओळीत शंभर. इंजिनिअर साहेब खूश.

शेवटच्या दिवशी मावशीच्या सासूबाईंनी अंगठा पुढे केला. नव्वदीच्या सासूबाई सहा महिने "मला नकोत तसली थेरं" म्हणून सुनेला उडवून लावत होत्या. मावशीला इतका आनंद झाला, की ती फरशी तिनं स्वतः भट्टीत नेऊन भाजून आणली.

"एक जास्त झाली," साहेब म्हणाले. "ही शेवटची काढा."

"दुसरी चौकट जमते का बघा की."

साहेबांनी कॅल्क्युलेटर बडवला. तीन, सात, अकरा, तेरा... एकतीसपर्यंत जाऊन हात टेकले. "याला कशानंच भाग जात नाही, मावशी. उद्या काम सुरू करा."

आता घरी जाऊन त्या हट्टी म्हातारीला काय सांगायचं? तुमचाच अंगठा तेवढा नको झाला म्हणून? मावशीनं खडू घेतला आणि तिथंच जमिनीवर बसली. शंभराच्या पुढे जायचं कारण नव्हतं. एक बाजू शंभराहून मोठी, तर दुसरी शंभराच्या आतच असणार. सदतीसनं भागलं, अकरा उरले. त्रेचाळीसनं पंचवीस. सदुसष्टनं अठरा. एकाहत्तरनं तर एकसष्ट उरले, मेल्यानं अगदीच छळलं. मग त्र्याहत्तर. भाग गेला एकशे सदतीसचा, बाकी शून्य!

तिनं उलटा गुणाकार केला, दोनदा केला, आणि अशी आरोळी ठोकली की साहेब हातातला चहा सांडत धावत आले.

"त्र्याहत्तर ओळी, ओळीत एकशे सदतीस! आणि दुसरी कुठली चौकट जमायचीच नाही, साहेब. या दोघांना पुढे भाग जात नाही!"

साहेबांनी सगळं पडताळलं आणि सगळ्या गवंड्यांसमोर मावशीला हात जोडले. त्या दिवसापासून गवंड्यांचं हसणं बंद झालं.

भिंत पुरी झाल्यावर सासूबाईंना खुर्चीत बसवून आणलं. बराच वेळ त्यांनी ते अंगठे न्याहाळले.

"यातला एक काढला तर गं?"

"चौकट मोडेल, आई. कुणाचाही काढला तरी."

"म्हणजे माझा नसता तर ही तुझी भिंत उभीच राहिली नसती."

नव्वद वर्षांत सासूबाईंनी कुणाला शाबासकी दिली नव्हती, आजही दिली नाहीच. पण मावशीचा ऊर भरून आला.

"नसतीच राहिली, आई," ती म्हणाली.