दोन टाक वं

फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं रॅकवर लावत होते. मामीचा फोन होता. "सुनी... गेले वं तुझे मामा," एवढंच ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडीत?" मामी म्हणाली, "नाई वं माय. घरीच. ओट्यावर चहा पिऊन राह्यले होते. कप खाली ठेवला अन् भिंतीले टेकले... गाडी उभी हाय शेडात." तेव्हा मी तिथंच स्टुलावर बसले. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं. पण त्याच्या आधी आला तो सुस्कारा. माणूस गेल्याची बातमी ऐकून सुस्कारा टाकणारी भाची लोकांना विचित्र वाटेल. पण आमच्या घरानं इतकी वर्षं जो धसका घेतला होता, तो ज्याला माहीत आहे त्याला त्या सुस्काऱ्याचा अर्थ कळेल. मामीलाही कळला. ती फोनवर म्हणाली, "मलेबी तेच वाटलं सुनी. निदान घरी गेले."

भगवानमामा धाड–बुलढाणा रस्त्यावर जीप चालवायचा. माझे आईवडील जानेफळचे. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं म्हणून मी लहानपणीच त्यांच्याकडे राहायला आले, धाडजवळच्या त्यांच्या गावात. मामाची जीप मालकाची होती, पण रस्ता त्याचा होता. कोणत्या फाट्यावर कोण उभं राहणार, कोणाच्या म्हातारीला पुढची सीट द्यायची, सगळं त्याला पाठ. मग साखरेनं त्याचा डावा पाय धरला. अंगठ्याला साधी ठेच लागली होती. त्याकडे कोणी नीट पाहिलं नाही आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. जीपवर दुसरा ड्रायव्हर बसला. मामा ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून म्हणायचा, "यानं तिसऱ्यात चढवली पाह्य. मारन इंजिन." मामी म्हणायची, "मारू द्या, तुमच्या बापाची हाय काय?"

एके दिवशी त्यानं एक जुनी पांढरी गाडी आणून शेडात उभी केली. घरात भांडण झालं, दोन वेळा चूल पेटली नाही, पण गाडी राहिली. बिनक्लचच्या गाड्या तेव्हाही मिळत होत्या, पण त्या आमच्यासाठी नव्हत्या. उजवा पाय शाबूत होता, त्यामुळे ब्रेक आणि रेस जमत होतं. अडचण होती डाव्या पायाच्या क्लचची. धाडच्या उस्मानभाईंनी त्यावर तोड काढली. ते वेल्डर, मामाचे जीपच्या दिवसांपासूनचे मित्र. त्यांनी क्लचच्या पेडलला एक पाइप जोडून वर आणला आणि त्याला जुन्या स्कूटरची रबरी मूठ बसवली. ती मूठ डाव्या हातानं दाबली की क्लच दबायचा. आता उजवा हात स्टिअरिंगवर, डावा हात त्या मुठीवर. मग गिअर कोण टाकणार? मामानं माझ्याकडे पाहिलं. "गिअर तू," तो म्हणाला.

मी तेव्हा शाळेत होते. पाढे पाठ होण्याच्या आधी गिअर पाठ झाले. मी डाव्या सीटवर बसायचे, उजवा हात गिअरच्या दांड्यावर. मामा मूठ दाबायचा आणि म्हणायचा, "एक." मी टाकायचे. गाडी सरकली की, "दोन टाक वं." मग तीन. सपाट रस्ता लागला, मामाचा मूड चांगला असला तर चार. बोलण्याच्या मधेच त्याचा आकडा यायचा, म्हणजे "तुझी आई मंगळवारी येणार... दोन टाक... असं म्हनत होती." ज्यानं ऐकलं तो हसायचा. पण गावातली शहाणी माणसं हसत नव्हती. "भगवान एक दिवस गाडीतच जाईन, अन् पोरीलेही घेऊन जाईन," असं ती मामीच्या तोंडावर बोलायची. त्यांचं चूकही नव्हतं. गाडीत अशी जोडणी करायला परवानगी लागते, तपासणी लागते, मामाच्या लायसन्सवरही तशी नोंद लागते. यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. म्हणून बुलढाण्याच्या अलीकडे पोलिसांचा चेकिंगचा नाका आला की मामा आधीच गाडी पांदण रस्त्यानं शेतात घालायचा. पावसाळ्यात तिथं काळ्या चिखलात चाकं रुतायची. मी उतरून ढकलायचे आणि मामा आतून ओरडायचा, "ढकलू नको, आधी गिअर टाकाले ये." आम्ही घरी येईपर्यंत मामी दारातच उभी असायची. गाडीचा आवाज ओळखला की आत जाऊन तवा ठेवायची.

आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानानं सांगते, लपवायचं काय त्यात. रोज एसटीनं जायचे, पण परीक्षेच्या दिवशी एसटीचा भरवसा नाही म्हणून मामा गाडी काढायचा. आणि माझा पेपर सुटेपर्यंत कॉलेजच्या गेटाबाहेर कडुनिंबाखाली बसून राहायचा. मैत्रिणींना वाटायचं, केवढी ही माया. माया होतीच. पण खरी गोष्ट अशी की, माझ्याशिवाय त्याला परतही जाता येत नव्हतं. एकदा शिपाई त्याला म्हणाला, "काका, घरी जाऊन या ना." मामा म्हणाला, "कसा जाऊ? माह्या गाडीचा गिअर आत पेपर लिहून राह्यला."

निकाल लागला, मी पदवीधर झाले, आणि पुढं अकोल्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथालयात नोकरी लागली. मामानं गावात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्यानं गाडी धुतली होती आणि तिच्यावर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी दोरीनं आवळली होती.

"काऊन झाकली?" मी विचारलं.

"तू चालली ना. आता ते उभीच राह्यन."

"मग मी नाई जात."

मामा माझ्यावर आवाज चढवून फार कमी वेळा बोलला. त्या दिवशी बोलला. "तुले शिकवलं ते गिअर टाकाले शिकवलं काय?"

मी गेटावरच्या एजंटला बाजूला सारून थेट आरटीओच्या खिडकीवर गेले ती या एका वाक्यामुळे. गाडी पास झाली आणि मामाला ती एकट्यानं चालवता आली, तरच मी अकोल्याला जाऊ शकत होते. नाही तर मी गेले काय आणि राहिले काय, माझं मन त्या ताडपत्रीखालीच अडकून पडणार होतं. खिडकीतल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं. गावठी जोडणी चालणार नाही, मान्यताप्राप्त किट बसवा. आधी परवानगी, मग डॉक्टरचा दाखला, मग गाडीची तपासणी, आणि शेवटी चालकाची परीक्षा, एकट्यानं, कोणाच्या मदतीशिवाय. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "इतके वर्सं चालवली. कोणाले धक्का तरी लागला काय?" मी म्हणाले, "लागला असता तर?" ताडपत्रीची दोरी मग त्यानंच सोडली.

मला भीती होती उस्मानभाईंची. त्यांनी हौसेनं केलेलं काम काढून टाकायचं होतं. आम्ही धाडला त्यांच्या दुकानात गेलो, मी भीत भीत विषय काढला. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा डोळ्यावर ओढला आणि स्वतःच गाडीखाली शिरले. पाइप काढून बाहेर आले तेव्हा ते हसत होते. "भगवानभाऊ, आता मले बी नींद लागन. तुम्ही गाडी काढली का माझा जीव त्या वेल्डिंगमधी अटकून राह्यचा. रोज अल्लाले म्हनो, आजचा दिवस तेवढा वेल्डिंगचा टाका पकडून ठेव." मामा म्हणाला, "मंग तवाच काऊन नाई सांगितलं बे?" उस्मानभाई म्हणाले, "सांगितलं असतं तं तुम्ही ऐकलं असतं?" दोघंही हसले. तो पाइप मामानं फेकू दिला नाही. घरी आणून शेडातल्या खिळ्याला टांगला.

नवं किट बसलं. त्यात क्लचची कळ गिअरच्या दांड्याच्या मुठीवरच होती. कळ दाबायची आणि त्याच हातानं गिअर टाकायचा. पायातला क्लच तसाच ठेवला होता, ज्याला दोन्ही पाय आहेत त्यालाही चालवता यावी म्हणून. तपासणीत गाडी पास झाली. मग मामाच्या परीक्षेचा दिवस. इन्स्पेक्टर एक तरुण मॅडम होत्या, त्या माझ्या जागेवर बसल्या. मी बाहेर उभी. गाडी पहिल्या गिअरमध्ये झकास सुटली. थोडी पुढं गेली, इंजिन ओरडायला लागलं, ओरडतच राहिलं, आणि गाडी हळूहळू थांबली. नंतर कळलं ते असं. मामानं कळ दाबून ठेवली, रस्त्यावरची नजर न काढता मॅडमला म्हणाला, "दोन टाक वं," आणि त्यांच्या हाताची वाट पाहत बसला. मॅडम म्हणाल्या, "काका, परीक्षा माझी आहे की तुमची?"

त्यांनी नापास केलं. बरोबरच केलं. जाताना मात्र म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. बाजूचा माणूस डोक्यातून काढा आणि परत या."

बाजूचा माणूस म्हणजे मी. धाडच्या बाजाराचं मैदान आठवड्यातले बाकीचे दिवस मोकळं असतं. तिथं आम्ही सराव केला. मी डाव्या सीटवर बसायचे, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण मामाचा आवाज आला की माझा हात आपोआप उठायचा. सवय काही त्याला एकट्यालाच नव्हती. तो "दोन..." म्हणायचा, थांबायचा, माझ्या मांडीकडे पाहायचा, मग स्वतःच टाकायचा. कधी चिडायचा, "तू उतर बरं खाली, तू दिसली का मी इसरतो." मग मी खाली उतरून कांद्याच्या सालपटांत उभी राहायचे आणि पांढरी गाडी मैदानभर गोल गोल फिरताना पाहायचे. एका सकाळी ती कुठंही न अडखळता फिरली. एकात सुटली, दोनात गेली, तिनात गेली, वळली, माझ्याजवळ येऊन थांबली. मामानं काच खाली केली. "बाई, कुठं जाचं हाय? बुलढाणा, बुलढाणा..." जीपच्या दिवसांतली ती हाक मी किती वर्षांनी ऐकत होते.

दुसऱ्या परीक्षेत तो पास झाला. परतताना पांदणीचं वळण आलं, त्यानं वळवली नाही. सरळ नाक्यावर गेला आणि कोणी हातही केला नव्हता तरी गाडी थांबवली. तिथला शिपाई उन्हात कंटाळून उभा होता. "कोनं थांबवलं तुम्हाले?" "कोनी नाई साहेब. पन पाहून घ्या एकदा." त्यानं आरसी पाहिली, लायसन्स पाहिलं, मामाचा पाय पाहिला आणि म्हणाला, "ठीक हाय ना मामा, जा." मामा म्हणाला, "नीट पाह्यलं ना?"

मला अकोल्याच्या एसटीत बसवायला तोच बुलढाण्याला आला. माझी बॅग मागच्या सीटवर होती. मी खिडकीतून हात केला, त्यानं केला, आणि पहिल्यांदाच असं झालं की, मी एका बाजूला गेले आणि गाडी दुसऱ्या बाजूला गेली. चिखलीच्या पुढं मामीचा फोन आला. "आले वं. एकटे आले." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी बाहेरच्या कपाशीकडे पाहत होते, आणि माझा उजवा हात, जो इतकी वर्षं त्या दांड्यावर होता, तो मांडीवर मोकळा पडला होता.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. मामा बाजाराला जायचा, मामीला दवाखान्यात न्यायचा, अडल्यानडल्याला सोडून यायचा. तरी रात्री-बेरात्री घरून फोन आला की माझा पहिला प्रश्न तोच असायचा. जुना धसका कागदानं जात नाही, हळूहळू जातो. माझा तर त्या दिवशी गेला, ओट्यावरच्या त्या चहाच्या कपापाशी.

तेरवीनंतर मामी म्हणाली, "गाडी तू ने. उभी राहून सडून जाईन." मी अकोल्यात गाडी शिकले होते. शेडातून काढली. खिळ्यावर तो पाइप अजून टांगलेला आहे, त्याला हात लावला नाही. डाव्या पायानं क्लच दाबून चालवत नाक्यापर्यंत आले तर शिपायानं हात केला. तोच होता, आता केस पिकलेला. आरसी पाहून म्हणाला, "ही तं बदल करून घेतलेली गाडी. तुमच्या पायाले काही...?" मी म्हणाले, "माझ्या मामाची." त्यानं बोनेटकडे पाहिलं. "भगवानमामाची? कुठी हायेत?" मी सांगितलं. कागद परत देताना तो म्हणाला, "नाव चढवून घ्या आता तुमचं." मग हसला. "एकदा मी त्याहिले मुद्दाम थांबवलं होतं. इथून निघाले का तोंडानं काही बोलायचे. मले वाटलं, फोनवर बोलून राह्यले गाडी चालवता चालवता. खिसे पाह्यले, डॅशबोर्ड पाह्यला. फोनच नव्हता. म्हटलं, मामा, कोनाशी बोलता? तं म्हने, गिअर मोजून राह्यलो. भाची अकोल्याले हाय."

मी कागद ठेवले. क्लच दाबला, एक टाकला, गाडी सुटली. नाका मागं पडला, पांदणीचं वळणही मागं पडलं होतं. डावी सीट रिकामी होती. मी तिच्याकडे न पाहता म्हणाले, "दोन टाक वं..." आणि टाकला.