मागचं चाक धरतंय

मोटरसायकल गॅरेजच्या दारात यायच्या आधी तिचा वास आला. ब्रेकच्या जळक्या लायनरचा, कडवट, घशाला लागणारा. मिस्त्री दुसऱ्याच गाडीच्या इंजिनाशी झटत बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "कोणाचा ब्रेक जळतोय?"

"माझा," दादा म्हणाला. "गाडी ओढतच नाही. चढावर तर रडते. बघ जरा."

दादा म्हणजे मिस्त्रीचा सख्खा मोठा भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे गाडी चालवायला, दाढी करायला आणि वेळेवर गप्प बसायला मिस्त्रीला त्यानेच शिकवलं. दादाचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. कॅरियरवर हत्यारांची पेटी बांधून तो खिंडीपलीकडच्या गावांत फिरायचा. मशीन उघडली की तिच्याशी बोलत बसायचा, घरातल्या माणसांशी मात्र मोजकंच. इतकी वर्षं रस्त्यावर काढली, पण गाडी कधी कुठे आपटली नव्हती, आणि त्याचा त्याला तोरा होता.

मिस्त्रीने गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. मोकळं चाक एक झटका दिला की आपल्याच नादात फिरत राहतं. हे अर्ध्या फेरीतच थांबलं. ड्रमजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. इस्त्रीसारखा तापला होता.

"चेन कुठे ओढून घेतलीस का एवढ्यात?"

"घेतली. वाटेत एकाकडे."

"तिथेच घोळ झाला. चेन ओढली की चाक मागे सरकतं आणि ब्रेकचा रॉड ताणला जातो. त्याचा नट सैल करायला तो विसरला."

कारण सापडलं म्हणून मिस्त्री खूश झाला. तरी त्याने चाक खोलून पाहिलं. तापून तापून लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ते पॉलिश पेपरने घासले, लायनर पसरवणारा कॅम साफ करून त्याला ग्रीसचं नुसतं बोट लावलं, पेडलच्या खिळीत तेल सोडलं. पेडल थोडं मोकळं खाली जाईल आणि मगच ब्रेक धरेल, असा नट बसवला. चाक भिंगरीसारखं फिरलं. दादा चहा पिऊन गेला.

आठवडा झाला नसेल, तोच वास परत आला.

या वेळी मिस्त्रीने हात राखला नाही. नवे लायनर घातले, स्प्रिंगा बदलल्या, कॅमही नवा. पेडल दाबून सोडलं की टक्कन वर येत होतं. त्याने पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, कान लावून ऐकलं. कुठेही काही अडकत नव्हतं.

तरी तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा तापून ड्रमवर निळी झाक चढली होती आणि बेअरिंगमधलं ग्रीस वितळून बाहेर ओघळलं होतं. ते बोटावर घेऊन मिस्त्री तसाच बसून राहिला. खिंडीच्या पलीकडे उतार आहे, वळणावळणाचा, एका बाजूला दरी. तिथे हे चाक जाम झालं असतं तर कोणी हाक मारायलाही उरलं नसतं.

गाडीत बदलण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. राहिला होता चालवणारा.

"दादा, रागावू नकोस. पाय पेडलवर टेकवून चालवतोस का?"

दादाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाला, "तुला गाडी कोणी शिकवली?"

"तू."

"मग कोणाला विचारतोयस?"

मिस्त्रीने पाना उचलला.

काम झाल्यावर तो स्वतःच गाडी पोचवायला दादाच्या घरी गेला. दादा आंघोळीला गेला होता. वहिनी जिन्यातल्या कठड्यावर कपडे वाळत घालत होती.

"भाऊजी, गाडी नीट झाली का? हिच्यापायी ह्यांची चिडचिड चाललीय."

"झाली वहिनी. ह्या वेळी तरी टिकावी."

"गाडीचं सोडा, ह्यांचंच डोकं ठिकाणावर नाही. परवा एका पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठे पडली पत्ताच नाही. मी म्हटलं, अहो, आता म्हातारे झालात." ती हसली. "उजवी हो. डावी मात्र इमानदार निघाली."

मिस्त्रीही हसला. जिना उतरताना त्याचं हसू मधल्या पायरीवरच विरलं. रस्त्यावर पडलेली चप्पल दिसली नाही, हे समजण्यासारखं आहे. पण पायातून निघताना कळली नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी, "टायर पाहायला तिकडेच जायचंय," अशी थाप मारून तो आपली गाडी घेऊन दादाच्या मागे निघाला. निघण्यापूर्वी त्याने दादाच्या गाडीचा मागचा लाल दिवा तपासला होता. पेडल दाबलं की लागत होता, सोडलं की विझत होता.

गावाबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. दादा नेहमीसारखा ताठ बसलेला. मग चढ सुरू झाला, धुकं खाली आलं आणि त्या धुक्यात दादाच्या गाडीचा लाल दिवा लागला. मिस्त्रीला वाटलं, पुढे जनावर आलं असेल. पुढे काहीच नव्हतं. वळण गेलं, दुसरं गेलं. दिवा लागलेलाच. इंजिन कण्हत होतं, धुक्यातून तो जळका वास येऊ लागला होता, आणि पुढचा माणूस शांतपणे, आरामात गाडी चालवत होता.

मिस्त्रीने हॉर्न वाजवला, बाजूने पुढे गेला, हात दाखवून त्याला थांबवलं.

"काय झालं?"

"दादा, हलू नकोस. उजवा पाय कुठे आहे तुझा?"

"फूटरेस्टवर. कुठे असणार?"

"बघ."

दादाने खाली पाहिलं. टाच फूटरेस्टवर होती, पण पुढचं पाऊल लोंबून पेडलवर विसावलं होतं, अख्ख्या वजनानिशी. तो त्या पायाकडे बराच वेळ बघत राहिला, जसा काही तो पाय दुसऱ्याच कोणाचा होता. मग हाताने गुडघा धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला. दिवा विझला.

"कधीपासून?" मिस्त्रीने विचारलं.

"मुंग्या येतात कधी कधी. बसून बसून येतात, म्हटलं." मग तो म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस."

"सांगणार. आता उतर, माझ्यामागे बस."

आयुष्यात पहिल्यांदाच दादाने धाकट्याचं ऐकलं आणि उतरून त्याच्या गाडीवर मागे बसला. त्याची गाडी त्यांनी रस्त्याकडेच्या एका घराच्या आवारात ठेवली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दादाला डोळे मिटायला सांगितले आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा वर-खाली करत विचारलं, वर की खाली. दादा अंदाजाने उत्तरं देत राहिला, मोठ्या खात्रीने, आणि बहुतेक चुकत गेला. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. मिस्त्रीने तिच्याकडे बघायचं टाळलं. मग काढलेल्या फोटोत पाठीच्या कण्यात गाठ दिसली, मज्जारज्जूवर दाब देणारी. डॉक्टर स्पष्ट बोलले. काढली नाही तर दुसरा पायही जाईल. काढली तर गेलेलं किती परत येईल, ते सांगता येत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा मिस्त्रीवर उखडला. "तुला गाडी नीट करायला सांगितली होती," तो म्हणाला, "मला नाही." मिस्त्रीने ऐकून घेतलं. तो बाहेर येऊन बाकावर बसला तेव्हा वहिनी त्याच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "घाबरलेत हो ते." "मीही," मिस्त्री म्हणाला.

गाठ निघाली, सगळी नाही. एक बारीक तुकडा इतका चिकटलेला होता की त्याला हात लावणं धोक्याचं होतं. दादाला गुडघ्यापर्यंत स्पर्श कळू लागला, खाली अजून कळत नाही. काठी घेऊन घरात चालतो. गाडी त्याने विकू दिली नाही आणि झाकूही दिली नाही. जिन्याखाली उभी आहे, धूळ खात.

खिंडीपलीकडच्या बायका आता येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर मशिनी पाठवतात. दादा खिडकीपाशी बसून त्या उघडतो. पायमशीन असली तर चाचणीसाठी डावा पाय लावतो, आणि मशीनशी पूर्वीइतकंच बोलतो. मिस्त्री संध्याकाळी येऊन समोर बसतो. दर काही महिन्यांनी कण्याचा फोटो काढायला जावं लागतं. मागच्या वेळी डॉक्टरांनी तो फोटो उजेडाला धरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी जरा लवकर या."

परत येताना गाडीवर दादाने मागून मिस्त्रीचा खांदा धरून ठेवला होता, आणि घर आलं तरी लगेच सोडला नाही.